मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची भाषा

प्रार्थना ही केवळ रविवारच्या उपासनेची बाब नव्हे. प्रातःकाळी, भोजनापूर्वी व निद्रेपूर्वी ख्रिस्ती कुटुंबात ती होणे अपेक्षित असते. म्हणूनच तिच्या भाषेचा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. गोव्यातील नवख्रिस्ती जनांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी काही हवे होते, हे जाणून फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मुद्रित झालेले 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचिले. एकोणिसाव्या शतकात मिशनांच्या उपासनेत मात्र पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीते रूढ झाली. शब्द मराठी, परंतु वळण परके, अशी ही स्थिती होती.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हे अंतर ओळखिले. संतकवितेच्या संस्कारात वाढलेल्या या कवीने अभंगाचा आश्रय घेऊन ख्रिस्ताला गुरू व माउली म्हणून आळविले. यात नुसता छंदाचा पालट नव्हता. अभंग कानांनी शिकता येतो, मुखोद्गत राहतो. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही पुस्तकावाचून घरकाम करता करता प्रार्थना करता येते. नित्याची प्रार्थना नित्याच्या वाणीतूनच उमटावी लागते. धर्मांतराने मातृभाषेतील भक्तीचा वारसा सोडावा लागत नाही, हेच टिळकांच्या रचनेने सिद्ध केले.