दोन रंगांमधील पांढरी रेघ

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरच्या भवानीची तसबीर घरोघरी आढळते; आपल्या ख्रिस्ती घरांत मरियामातेची असते. दोन्हींमागे रंगीत छपाईचा एकच इतिहास आहे.

आपली चित्रे सामान्यांच्या भिंतींवर यावीत म्हणून राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवलीस गेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी विकत घेतला. अशा छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे व एकच कागद अनेकदा यंत्रातून जाई.

ओलाव्याने कागद किंचित वाढला, तरी रंग एकमेकांपासून सुटतात. मरियामातेची निळी शाल आणि तिच्यामागील पिवळे तेज यांच्यामध्ये कागदाची पांढरी रेघ डोकावते. उपाय असा, की पिवळा रंग निळ्याखाली केसभर सरकवायचा. पिवळाच का? आकृतीची कड डोळ्यांना गडद रंगावरून कळते. ती हलवली तर आकृती फुगलेली दिसते. पिवळा फार सरकला, तर मात्र हिरवट रेघ उमटते.

छापखान्यात यास ‘ट्रॅपिंग’ म्हणतात. पूर्वी हाताने होणारे हे काम १९९०च्या दशकापासून संगणकावर होऊ लागले. तरी किती सरकवायचे, हे कागद व यंत्र जाणणारी व्यक्तीच ठरवते. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते. ही रेघ झाकणाऱ्यांचे नसते. संगणकावर छपाई शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी म्हणूनच काही दिवस यंत्रापाशी, जुन्या कारागिरांशेजारी उभे राहून शिकावे, असे आम्हांस वाटते.