जिनातली रात्र

माझे आजोबा अकोल्याला जिनात कामाला होते. हंगामात रातपाळी करून सकाळी घरी यायचे, पण झोप लागायची नाही. "दिवसाचा उजेड डोयात घुसते बाप्पा, मंग झोप कायची?" म्हातारपणीही ते रात्री टक्क जागे असत. आम्हाला वाटायचं, स्वभावच तसा.

आज मी अमरावतीत घरी बसून अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रभर काम करतो. अमेरिकेमुळे वऱ्हाडाची वेळ बदलणं तसं नवं नाही. १८६१ मध्ये तिकडे यादवी पेटली, मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. वाफेवरचे जिनिंग-प्रेस उभे राहिले. हंगाम थोडा आणि कापूस फार, त्यामुळे कामाचे तास लांबत गेले.

१८८१ चा फॅक्टरी कायदा आला, पण वर्षात चार महिन्यांहून जास्त न चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. हंगामी जिन नेमके तिथून निसटले. वऱ्हाड तर तेव्हा कागदोपत्री निजामाचा होता. शेजारच्या खानदेशात जिनातल्या बाया पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत राबतात, हे १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे आलं. तरी हंगामी कारखाने कायद्यात यायला १९११ उजाडलं.

कष्ट तेव्हाही दिसत होते. उजेडाचं गणित फार उशिरा सुटलं. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला थेट दिवस-रात्र कळवतात, हे २००२ मध्ये समजलं. रात्रीच्या उजेडाने मेलॅटोनिन दबतं. पाळीवरून परतताना डोळ्यांवर आलेलं ऊन शरीराला सांगतं, दिवस सुरू झाला, आता जाग. आजोबांची तक्रार हीच होती. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीकाम 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं आणि २०१९ मध्ये रातपाळीबद्दल तेच मत कायम ठेवलं. मधुमेह आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

आजोबा खिडकीला गोधडी टांगून झोपायचे. आम्ही पोरं हसायचो. आता पहाटे पाचला लॅपटॉप मिटला की मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि तीच गोधडी खिडकीला लावतो. तुम्ही हे रात्री दोनला वाचत असाल, तर आधी स्क्रीनचा उजेड कमी करा. बाकीचा हिशेब कामाचे तास ठरवणाऱ्यांकडे मागायचा आहे.