घटसर्पानंतरचा अंगघात

रोगाला नाव देणारा मनुष्य त्या रोगाकडे पुढील पिढ्यांनी कोणत्या बाजूने पाहावे हेही नकळत ठरवून जातो. फ्रान्समधील तूर या गावच्या पिएर ब्रेतोनो या वैद्याने १८२६ मध्ये घशाच्या एका जीवघेण्या रोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि घशात साचणाऱ्या चिवट, करड्या पापुद्र्यावरून, चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा आधार घेऊन, त्याचे नामकरण केले. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो याने त्या नावात थोडा फेर केला, आणि इंग्रजीच्या वाटेने ते ‘डिप्थेरिया’ होऊन आपल्यापर्यंत आले. मराठीत आपण त्यास घटसर्प म्हणतो. मात्र आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी हाच शब्द गुरांच्या गळसुजीच्या रोगासाठी येतो, आणि तो रोग अगदी वेगळ्या जंतूचा आहे, हे येथे सांगून ठेवणे बरे. असो. चामड्यासारखा पापुद्रा हेच रोगाचे नाव झाल्यावर वैद्यांची दृष्टी घशावर खिळली यात नवल नाही. घसा मोकळा झाला म्हणजे रोग गेला, अशी समजूत त्यातूनच दृढ झाली. आम्हांस येथे सांगावयाची आहे ती घसा मोकळा झाल्यानंतरची हकीकत.

ती हकीकत थोडक्यात अशी. मूल घटसर्पातून उठते, ताप उतरतो, पापुद्रा गळून पडतो, घरात समाधान पसरते. मग दोन-तीन आठवड्यांनी, केव्हा त्याहूनही उशिरा, त्याचा आवाज गेंगाणा होऊ लागतो आणि प्यालेले पाणी नाकावाटे परत येते. टाळूचा मागचा मऊ भाग, म्हणजे मृदुतालू, लुळा पडलेला असतो. व्याकरण शिकविणाऱ्यांना येथील यंत्रणा समजावयास अडचण पडणार नाही. ‘ब’, ‘द’, ‘ग’ म्हणताना मृदुतालू उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. ‘म’, ‘न’, ‘ङ’ म्हणताना ती खुली राहते. दारच लागेनासे झाले की ‘बाबा’चे ‘मामा’ होतात. पुढे एक-दोन आठवड्यांत डोळ्यांच्या आतील बारीक स्नायू थकतात. दूरचे दिसते, जवळचे अक्षर मात्र पुसट होते. काही रुग्णांत सहाव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास हातपाय बधिर व दुबळे होतात. श्वासाचे स्नायू सापडले तर प्राणावर बेतते. त्यातून जो तरतो तो मात्र बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होतो. ‘पक्षाघात’ हा रूढ शब्द आम्ही येथे टाळला आहे, कारण त्यात शरीराची एकच बाजू गेल्याचा अर्थ आहे, आणि हा विकार दोन्ही बाजूंना सारखाच धरतो.

इतके ठळक लक्षण शतकानुशतके रोगापासून तुटलेले का राहिले? सुश्रुताने कंठरोगांत वर्णिलेली ‘रोहिणी’ म्हणजेच घटसर्प, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. ते सर्वस्वी मान्य करणे आम्हांस धाडसाचे वाटते. तथापि गळ्यात मांसांकुर वाढून वाट रोधली जाणे, आणि असा रोगी फार तर तीन रात्री जगणे, ही चरक-सुश्रुतांची वर्णने विचार करावयास लावणारी आहेत. जो रोग तीन रात्रींत नेतो त्याचे सहाव्या आठवड्यातले लक्षण कोणी पाहावे? आणि जे थोडे वाचत त्यांच्या दुबळेपणाला आजारपणाचा अशक्तपणा हे तयार उत्तर असेच.

अठराव्या शतकात मात्र काही वैद्यांच्या नजरेतून हे सुटले नाही. इटलीतील क्रेमोना येथे १७४७-४८ मध्ये आलेल्या साथीचे वर्णन करताना मार्तिनो गिझी याने गेंगाण्या आवाजाची आणि नाकावाटे परतणाऱ्या अन्नाची नोंद केली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये शोमेल याने लुळ्या टाळूबरोबर तिरळेपणाही पाहिला. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल बार्ड याने १७७१ मध्ये आपल्या छोट्या ग्रंथात घशाचा रोग बरा झाल्यावरही पुष्कळ काळ दुबळ्या राहिलेल्या एका मुलीची हकीकत दिली. या नोंदी एकमेकींपासून दूर पडलेल्या होत्या; त्यांना एकत्र ओवणारा सिद्धान्त कोणापाशीच नव्हता.

तो प्रश्न पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऐरणीवर आला. त्रूसो व लासेग यांनी १८५१ मध्ये गेंगाण्या बोलण्यावर व टाळूच्या लुळेपणावर लिहिले, आणि १८६० मध्ये मँगो याने या अंगघातावर स्वतंत्र ग्रंथच रचला. त्याचे म्हणणे असे की, हा घटसर्पाचा स्वतःचा विकार आहे. त्याच वर्षी ग्युब्लेर याने उलट बाजू मांडली : कोणत्याही तीव्र आजारातून उठणाऱ्या माणसाला असा लुळेपणा येऊ शकतो, त्यात घटसर्पाचे म्हणून विशेष काही नाही. आज ग्युब्लेरला चुकीचा ठरविणे सोपे आहे; परंतु त्या काळच्या पुराव्यावर त्याचे म्हणणे मुळीच पोरकट नव्हते. इतर आजारांनंतरही अंगघात होतो हे खरेच आहे. शिवाय घशातल्या रोगाने महिन्या-दीड महिन्यानंतर पायाच्या नसा कशा बिघडाव्यात, याचा मार्ग मँगोलाही दाखविता येत नव्हता. १८६२ मध्ये शार्को व व्हुल्पियां यांनी एका मृत रुग्णाच्या टाळूच्या मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांत बिघाड आढळला. बिघाड कोठे, याचे उत्तर मिळाले. तो कोणी केला, याचे नाही.

पुढे जंतुशास्त्र आले. एडविन क्लेब्ज याने १८८३ मध्ये घशातील पापुद्र्यात एक दंडाकार जंतू पाहिला आणि १८८४ मध्ये फ्रीड्रिख लफ्लर याने तो प्रयोगशाळेत वेगळा वाढविला. येथे लफ्लरच्या सचोटीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. हाच रोगाचा जंतू, असे जाहीर करण्याचा मोह त्याने आवरला आणि स्वतःच्याच शोधाविरुद्धचे आक्षेप मांडले. काही रुग्णांत हा जंतू सापडत नाही. एका निरोगी मुलाच्या तोंडात मात्र तो सापडला. आणि टोचणीनंतर जगलेल्या जनावरांना अंगघात होत नाही. या तिसऱ्या आक्षेपाचे महत्त्व वाचकांच्या ध्यानी येईलच. ज्या लक्षणाला वीस वर्षांपूर्वी केवळ अशक्तपणा म्हटले जात होते, तेच आता जंतूच्या ओळखीची कसोटी होऊन बसले. लफ्लरने आणखी एक गोष्ट पाहिली. मेलेल्या जनावरांत जंतू टोचल्या जागीच राहिलेले होते. दूरच्या अवयवांत बिघाड होता, पण तेथे जंतू नव्हते. तेव्हा जंतू एखादे विष निर्माण करून ते शरीरभर धाडीत असला पाहिजे, असा तर्क त्याने केला.

त्या तर्काला १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू व आलेक्सांद्र येर्सां यांनी प्रमाण मिळवून दिले. (ज्या प्लेगाने १८९७ साली पुण्यात हाहाकार उडविला त्याचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधणारा येर्सां तो हाच.) त्यांनी आधी शुद्ध जंतू टोचून कबुतरांना व सशांना अंगघात घडवून दाखविला. मग जंतू ज्या रसात वाढविले होते तो रस त्यांनी चिनी मातीच्या गाळणीतून गाळून घेतला. त्या गाळणीतून जंतू पार होत नाहीत. उरला तो निव्वळ, निर्जंतुक द्रव. रस थोडे दिवस मुरलेला असेल तर मोठी मात्रा द्यावी लागे. काही आठवडे मुरलेला असेल तर अल्प मात्राही पुरे होई. मोठ्या मात्रेने जनावरे लवकर मरत. जी काही काळ तगून राहत त्यांना तसाच अंगघात होई. एकाही जंतूवाचून घटसर्पाचा अंगघात! मँगो आणि ग्युब्लेर यांच्या वादाचा निकाल अशा रीतीने लागला. लक्षण उशिरा येते म्हणून ते रोगाचे नव्हे, असे वाटत होते. वस्तुतः मागे राहिलेले विष हाच त्या विलंबाचा अर्थ होता. आमच्या मते या रोगाच्या इतिहासातील मध्यवर्ती क्षण ब्रेतोनोच्या नामकरणाचा नव्हे, हा आहे.

विष सिद्ध झाल्यावर त्याचा उतारा शोधण्याची वाट मोकळी झाली. बेरिंग व कितासातो यांनी १८९० मध्ये बर्लिन येथे रक्तजलातील प्रतिविषाचा शोध जाहीर केला. रू याने घोड्यांच्या रक्तातून ते विपुल तयार करून १८९४ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत आपले आकडे मांडले. पॅरिसच्या बालरुग्णालयात पूर्वी घटसर्पाची निम्मी मुले दगावत. ते प्रमाण चतुर्थांशावर आले. बेरिंगला १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या विजयात एक विपरीत गोष्ट दडलेली होती. पूर्वी जी मुले पहिल्याच आठवड्यात गेली असती ती आता जगू लागली, आणि म्हणून अंगघाताचे रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागले. काहींनी त्याचा दोष प्रतिविषालाच दिला. प्रतिविषाची मर्यादा निराळीच होती. रक्तात मोकळे फिरणारे विष ते निष्प्रभ करते; पेशीत शिरलेल्या विषापुढे ते हतबल असते.

हे विष पेशीत शिरून नेमके काय करते, ते समजावयास आणखी सत्तर वर्षे लागली. पेशीत प्रथिने घडविण्याच्या कामी लागणारा एक घटक ते निकामी करते, हे १९६० नंतरच्या दशकात निश्चित झाले. मज्जातंतूंभोवती वीजतारेवरील वेष्टनासारखे एक स्निग्ध आवरण असते. ते राखणाऱ्या पेशींचे प्रथिनकार्य थांबले की आवरण तुकड्या-तुकड्यांनी झडते. आतील तंतू बहुधा शाबूत राहतो. म्हणूनच नवे आवरण चढले की लुळे पडलेले मूल पुन्हा धावू लागते. आवरण एका दिवसात झडत नाही, हे विलंबाचे दुसरे कारण. १९६३ मध्ये मॅकडोनल्ड याने मांजरांच्या नसांवर हेच विष वापरून दाखविले की, आवरण गेलेल्या तंतूतून संदेश मंद होतात किंवा अडतात. मेंदू व मज्जारज्जूच्या अशाच एका चिवट रोगाच्या अभ्यासाला त्यातून मोठी मदत झाली.

हे विष घशातूनच यावे असेही नाही. पहिल्या महायुद्धात इजिप्तमधील सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांत घटसर्पाचे जंतू सापडले, आणि अशा सैनिकांत जखमेजवळचे स्नायू आधी लुळे पडतात हे वॉल्श याने दाखविले. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही त्वचेचा घटसर्प पुष्कळ आढळला.

रामों याने १९२३ मध्ये फॉर्मालिन व उष्णता यांनी निर्विष केलेल्या विषाची लस सिद्ध केल्यापासून पाश्चात्त्य देशांत हा रोग दुर्मीळ झाला; परंतु तो गेला नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर त्या प्रदेशात १९९० च्या दशकात दीड लाखांवर लोकांना घटसर्प झाला व सुमारे पाच हजार मेले. त्यांत प्रौढ पुष्कळ होते, कारण बालपणीच्या लशीचे बळ वयाबरोबर ओसरते. रिगा येथील पन्नास प्रौढ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुसऱ्या दिवसानंतर दिलेल्या प्रतिविषाचा अंगघातावर उपयोग झालेला दिसला नाही. भारतात १९७८ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आहे; तरीही या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील अनेक वर्षी जगात नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याच देशातले होते. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०१६ मध्ये, तर दिल्लीत २०१८ मध्ये मुले दगावली, आणि दिल्लीत प्रतिविषाचा तुटवडाही जाणवला.

आमच्या वाचकांत शिक्षक बहुसंख्य आहेत, म्हणून आणखी एक तपशील. घसादुखीच्या आजारातून उठून महिनाभराने वर्गात परतलेला मुलगा फळ्यावरचे बिनचूक वाचतो, पण हातातले पुस्तक त्याला वाचवत नाही. पाणी पिताना ठसकतो, आणि पाठ म्हणताना त्याचा आवाज नाकातून येतो. वर्गात अशा मुलाला आळशी किंवा सोंगाड्या ठरविले जाण्याचीच शक्यता अधिक. त्याला त्या दिवशीच डॉक्टरांकडे न्यावयास हवे, कारण पुढचा टप्पा श्वासाच्या स्नायूंचा असू शकतो. पाचव्या-सहाव्या वर्षीची पुनर्मात्रा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वाताबरोबर मिळणारी घटसर्पाची लस ही तर शाळेच्याच वयात पडते. तिची नोंद मुलाच्या लसपत्रिकेत पाहता येते.