तीन पिढ्यांची लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपडीला हळदकुंकू वाहताना आमचे वडील एक वाक्य हटकून म्हणत, "पैसा घरात कसा आला, हे लक्ष्मी विसरत नाही." आमच्या घरची चोपडी ती काय, वाण्याच्या उधारीची! पण रशियातील मोरोझोव घराण्याची हकीकत वाचताना वडिलांचे ते वाक्य मला राहून राहून आठवले.

वर्गात रशियन क्रांती शिकवताना आम्ही मास्तर लोक एका बाजूला झार आणि दुसऱ्या बाजूला कामकरी उभा करतो. या दोघांच्या मधे आणखी एक माणूस उभा होता. तो म्हणजे मॉस्कोचा व्यापारी. बहुधा तो भूदासाचाच नातू असे.

मोरोझोवांचा मूळपुरुष साव्वा वासिल्येविच हा १७७० साली मॉस्कोच्या पूर्वेकडील झुयेवो गावी जन्मला. जमीन धन्याची, तसा हाही धन्याचाच. तो रेशमी फिती विणी आणि ते कापड मॉस्कोला नेऊन विकी. १८१२ साली नेपोलियनच्या स्वारीत मॉस्को जळाले. शहर पुन्हा उभे राहू लागले तशी कापडाला मागणी वाढली आणि साव्वाच्या गाठीला पैसा जमला. १८२० च्या सुमारास त्याने धन्यापुढे १७,००० रुबल मोजले आणि स्वतःला व बायकामुलांना सोडवून घेतले. स्वतःचीच किंमत स्वतः भरणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय वाटले असेल! सतराव्या शतकात रशियन चर्चने बदललेले पूजाविधी ज्यांनी मानले नाहीत, त्या जुन्या पंथाचे हे घराणे. कष्ट, काटकसर आणि एकमेकांना आधार ही या पंथाची रीत.

पुढली पिढी तिमोफेईची. गिरण्या वाढल्या, यंत्रे आली, आणि त्यांबरोबर दंडही आला. कापडात खोट निघाली, दंड. कामावर यायला उशीर झाला, दंड. मजुरीचा चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, असा कापला जाई आणि मालकाच्याच तिजोरीत पडे. जानेवारी १८८५ मध्ये कामकऱ्यांनी संप केला. सैन्य आले, शेकड्यांनी माणसे धरली गेली. पण खटला उभा राहिला तेव्हा दंडाचा सगळा हिशेब भर न्यायालयात वाचला गेला, आणि ज्यूरीने १०१ मुद्द्यांवर संपवाल्यांना निर्दोष ठरवले. ही कामगार-प्रश्नाला १०१ तोफांची सलामी झाली, असे एका सरकारधार्जिण्या पत्रकाराने चिडून लिहिले. १८८६ च्या कायद्याने दंडाची रक्कम मालकाने घेण्यास बंदी झाली. ती मजुरांच्याच गरजांसाठी खर्चावी, असे ठरले. बापाने स्वातंत्र्य विकत घेतले, आणि मुलाने दुसऱ्यांच्या मजुरीला कात्री लावली!

तिसरा, आजोबांच्याच नावाचा साव्वा, १८६२ चा. रसायनशास्त्र शिकलेला, तल्लख, तापट. गिरणी हाती येताच त्याने दंडाची पद्धत मोडली आणि कामकऱ्यांसाठी नवी घरे बांधली. १८९८ साली स्तानिस्लावस्की व नेमिरोविच-दान्चेन्को यांनी मॉस्को आर्ट थिएटर काढले, ते याच्या पैशावर तगले. १९०२ साली नव्या नाट्यगृहाचे काम निघाले, तर हा कोट्यधीश आपली सुटी सोडून बांधकामावरच एका लहानशा खोलीत राहिला आणि रंगमंचाच्या दिव्यांची व्यवस्था स्वतः पाहू लागला. एवढ्यावर तो थांबला नाही. गिरण्याच जप्त करू पाहणाऱ्या बोल्शेविकांनाही त्याने पैसा पुरवला.

गिरणीची खरी मालकी मात्र आईच्या हाती होती. १९०५ च्या जानेवारीत पीटर्सबर्गला झारच्या सैनिकांनी निःशस्त्र मोर्च्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर नफ्यात कामकऱ्यांना वाटा द्यावा, असा हट्ट साव्वाने धरला आणि आईने त्याला कारभारातून दूर केले, असे सांगतात. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समधील कान येथे, छातीत गोळी लागून तो मेला. आत्महत्या की खून, हा वाद आजही मिटलेला नाही. वय अवघे त्रेचाळीस. पुढे १९१८ मध्ये नव्या राजवटीने गिरण्या ताब्यात घेतल्या.

हे सारे सांगून झाल्यावर वर्गातल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग तो शेवटी कुणाचा? मालकांचा, की मजुरांचा?"

कादंबरीत असा नायक आला असता तर शेवटच्या प्रकरणात मी त्याला कुठल्या तरी एका बाजूला नेऊन ठेवला असता. इतिहासात ती सोय नसते. मी मुलाला एवढेच म्हणालो, "बाळ, आजोबांनी १७,००० रुबल देऊन धन्यापासून सुटका करून घेतली. नातवाला पैशापासून सुटायचे होते. त्याची किंमत त्याला कुणी सांगितलीच नाही."

मॉस्कोच्या कामेरगेर्स्की गल्लीत ते नाट्यगृह अजून उभे आहे. रोज संध्याकाळी तिथे दिवे लागतात. यंदा पणत्या लावताना मला त्या दिव्यांची आठवण होणार आहे.