निर्देशिका गप्प झाली तर?

भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या शाळेतील वीस संगणक वापरकर्त्यांच्या यादीसाठी एकाच सर्व्हरवर विसंबून आहेत, असे समजा. तो बंद पडला, की वीसही संगणक धडधाकट असूनही कोणाला आत घेत नाहीत.

ही अडचण जुनीच आहे. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ‘यलो पेजेस’ ही निर्देशिका-पद्धत आणली. (हे नाव ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह असल्याने पुढे ‘एनआयएस’ झाले.) यंत्रागणिक यादी ठेवण्याचे कष्ट वाचले, पण सर्व्हर गप्प झाला की यंत्रे उत्तराची वाट पाहत अडून बसत. म्हणून दोन उपाय रूढ झाले : यादीची प्रत बाळगणारा दुय्यम सर्व्हर आणि प्रत्येक यंत्रावर व्यवस्थापकाचे स्थानिक खाते. १९९३ मध्ये आलेल्या ‘एलडॅप’ पद्धतीतही हे दोन्ही उपाय उपयोगी पडतात.

दोष शोधण्याचा क्रम यातूनच मिळतो. स्थानिक खात्याने आत शिरावे. सर्व्हरला अंकी पत्त्याने हाक द्यावी. उत्तर आले, तर तारा ठीक. दोष नावांच्या नोंदीत किंवा निर्देशिकेत शोधावा. न आले, तर आधी जोडण्या आणि सर्व्हर पाहावेत.

स्थानिक खाते नसेल, तर मात्र पहिलीच पायरी चुकते. ते सारे सुरळीत असतानाच तपासून ठेवावे.