शनिवारची सकाळ : एका वेळापत्रकाचा अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेत १९६० ते १९९० या काळात वाढलेल्या कुणालाही शनिवारच्या सकाळच्या कार्टूनांविषयी विचारून पाहा. उत्तरात कथानक क्वचितच येते. येतो तो भोवतालचा तपशील. आईवडील अजून झोपलेले, टीव्हीचा आवाज बारीक ठेवलेला, हातात दुधात भिजलेल्या साखरी कॉर्नफ्लेक्सची वाटी, कुठले चॅनेल लावायचे यावरून भावंडांत जुंपलेली, आणि जाहिरातींची ती गाणी, जी पन्नाशीतही तोंडपाठ असतात. कार्यक्रम धूसर आणि वेळ लख्ख, अशी ही आठवण आहे. तिचा अभ्यास करायचा तर आधी त्या वेळेचा अभ्यास करावा लागतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना आमची पहिली विनंती तीच आहे.

या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे. शनिवारच्या कार्टूनांबद्दल त्या काळी चार तक्रारी होत्या : ती स्वस्तात उरकलेली असतात, तीच ती दाखवली जातात, जाहिरातींनी भरलेली असतात, आणि मुलांना आठवड्याच्या एका कोपऱ्यात ढकलतात. आज जो हळवेपणा दिसतो तो नेमका या चार गोष्टींभोवती आहे. तक्रार आणि ओढ यांचा विषय एकच कसा, हे उलगडणे हे या अभ्यासाचे मुख्य काम.

कोपऱ्यापासूनच सुरुवात करू. सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन नेटवर्कांच्या लेखी शनिवारची सकाळ ही पडीक जमीन होती. मोठी माणसे टीव्हीसमोर नसत, म्हणून जाहिरातीला दर मिळत नसे. १९५५ मध्ये सीबीएसने टेरीटून्स हा स्टुडिओ विकत घेतला आणि चित्रपटगृहांसाठी बनलेला ‘मायटी माउस’ त्याच वर्षाच्या अखेरीस शनिवारी सकाळी दाखवायला घेतला. मग १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. ‘टॉम अँड जेरी’ला सात ऑस्कर मिळवून देणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा बेकार झाले, त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि त्याच डिसेंबरात त्यांची ‘रफ अँड रेडी’ ही मालिका एनबीसीवर शनिवारी सकाळी सुरू झाली.

चित्रपटगृहातल्या कार्टूनला लागे त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पैशांत आता काम भागवायचे होते. त्यातून काटकसरीची एक शैली जन्मली. धड स्थिर ठेवायचे, डोळे आणि तोंड तेवढे हलवायचे, पात्र धावू लागले की मागून तेच झाड आणि तीच खिडकी पुन्हा पुन्हा सरकवायची. हॅना-बार्बेरांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आहे ती डोके आणि धड यांचा सांधा लपवण्यासाठी, म्हणजे दर वेळी डोके तेवढे नवे काढले की पुरे. चित्रात जे गमावले ते डॉझ बटलर, जून फोरे, डॉन मेसिक यांच्यासारख्या कलावंतांनी आवाजात भरून काढले. जाणकारांनी या शैलीला भरपूर नावे ठेवली. ज्यांनी ती लहानपणी पाहिली त्यांना मात्र ते सरकणारे झाड दिसताच घरी आल्यासारखे वाटते.

तोचतोचपणाची कथाही अशीच. ‘द जेट्सन्स’ १९६२-६३ मध्ये एबीसीवर रात्रीच्या वेळी लागत असे. २४ भागांनंतर ती बंद पडली आणि मग तेच २४ भाग शनिवारी सकाळी वर्षानुवर्षे फिरत राहिले. ‘स्कूबी-डू’च्या पहिल्या मालिकेचे भाग अवघे २५. मुलांचा प्रेक्षकवर्ग दर काही वर्षांनी आपोआप नवा होतो आणि जुन्या मुलांनाही पाहिलेलेच पुन्हा पाहायला आवडते, हे नेटवर्कांनी हेरले होते. याचा एक परिणाम अभ्यासकांनी ध्यानात ठेवावा. वयात वीस वर्षांचे अंतर असलेले काका-पुतणे एकाच कार्टूनची आठवण ‘आमच्या वेळची’ म्हणून सांगतात, आणि दोघेही खरेच सांगत असतात. त्यामुळे इथे ‘पिढी’ हे माप जपून वापरावे लागते.

१९६६ मध्ये सीबीएसच्या दिवसाच्या वेळच्या कार्यक्रमांची धुरा सांभाळणाऱ्या फ्रेड सिल्व्हरमन यांनी शनिवारची सकाळ ‘सुपरमॅन’, ‘स्पेस घोस्ट’ अशा महानायकांनी भरून काढली. पडीक जमीन पिकू लागली आणि बाकीची नेटवर्केही सरसावली. दोनच वर्षांत वारे फिरले. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि पडद्यावरच्या हिंसेची देशभर झाडाझडती सुरू झाली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरेन आणि इतर काही मातांनी ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना उभी केली. महानायक मागे सरले. १३ सप्टेंबर १९६९ रोजी सीबीएसवर आलेल्या ‘स्कूबी-डू’मध्ये भूत आहे, पाठलाग आहे, किंकाळ्या आहेत, पण शेवटी मुखवटा उतरतो आणि आत कुणीतरी लबाड माणूसच निघतो. भीती हवी पण इजा नको, या पेचातून काढलेली ही वाट होती. प्रौढांच्या वादातून निघालेला हा तोडगा मुलांच्या आठवणीत निखळ गंमत म्हणून उरला.

चॅरेन यांचा खरा रोख जाहिरातींवर होता. कार्यक्रमांवरच्या बंदीला आणि सेन्सॉरशिपला त्यांचा विरोधच होता. ‘लायनस द लायनहार्टेड’ या १९६४ च्या मालिकेतली पात्रे पोस्ट कंपनीच्या न्याहारीच्या खोक्यांवरची होती. १९६९ मध्ये एबीसीवर ‘हॉट व्हील्स’ आली ती मॅटेलच्या खेळण्यातल्या मोटारींच्या नावाने, आणि ही तर अर्ध्या तासाची जाहिरात, अशी तक्रार एफसीसी या नियामक आयोगापर्यंत गेली. गमतीचा भाग असा की त्या सकाळींतला सर्वांत लाडका शिकवणारा कार्यक्रमही जाहिरातवाल्यांच्याच डोक्यातून निघाला. जाहिरात कंपनी चालवणाऱ्या डेव्हिड मॅकॉल यांच्या मुलाला पाढे पाठ होत नसत, रॉक गाणी मात्र चटकन होत. १९७३ मध्ये एबीसीवर सुरू झालेल्या ‘स्कूलहाऊस रॉक!’चे मूळ तिथे आहे. विकण्याची आणि शिकवण्याची कारागिरी एकच होती, म्हणून आठवणीतही ती दोन्ही एकमेकांत मिसळून गेली आहेत.

शेवट एका घावात झाला नाही. १९७९ मध्ये निकलोडियन आणि १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क आल्यावर केबलवर रोजच शनिवार झाला. १९९० च्या कायद्याने शनिवार-रविवारी मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिराती तासाला साडेदहा मिनिटांवर आणल्या. १९९२ मध्ये एनबीसीने सकाळची कार्टूने सोडून दिली. १९९६ च्या नियमाने आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रमांची अपेक्षा ठेवली आणि ते तास भरायला शनिवारची सकाळच सोयीची ठरली. २७ सप्टेंबर २०१४ रोजी सीडब्ल्यू या नेटवर्कवरचा ‘व्होर्टेक्स’ हा शनिवार सकाळचा कार्टूनांचा कार्यक्रम बंद झाला आणि नेटवर्कवरची ही परंपरा संपली. तोवर कार्टूनांची संख्या पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली होती. संपली होती ती वाट पाहण्याची सक्ती.

साधनांविषयी एक सूचना. डीव्हीडीवरचे स्वच्छ भाग या कामात अपुरे पडतात, कारण त्यांत जाहिराती नसतात. वर्तमानपत्रांतली वेळापत्रके, एफसीसीपुढच्या सुनावण्यांची कागदपत्रे आणि लोकांनी घरी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या, जाहिरातींसकटच्या कॅसेटी अधिक बोलक्या आहेत. बग्ज बनी आणि रोड रनरची चित्रपटगृहांसाठी बनलेली कार्टूने नेटवर्के मारामारीचे तुकडे कापून दाखवत. अनेकांच्या मनात ती कापलेली आवृत्तीच मूळ म्हणून वसली आहे. आधीचे ग्रंथ पाहायचे तर जोसेफ ट्युरो (१९८१) यांनी या व्यवसायाची घडण मांडली, हेदर हेंडरशॉट (१९९८) यांनी सेन्सॉरशिपची, तर जेसन मिटेल यांनी कार्टून हा प्रकार मुलांपुरता कसा झाला याची.

ही आठवण सर्वांची नव्हती, हेही विसरू नये. शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू घरांत शनिवारी टीव्ही लागतच नसे. पडद्यावरच्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय चेहरे उशिरा आले. ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’मधली व्हॅलरी १९७० ची, ‘फॅट अल्बर्ट’ १९७२ चा. ‘आपण सगळे तेच पाहत होतो’ हे वाक्य मुलाखतीत आले, की या ‘सगळ्यां’त कोण नव्हते ते विचारावे.

मराठी वाचकाला या विषयात एक वेगळी जागा आहे. १९९५ पासून कार्टून नेटवर्क भारतात दिसू लागले आणि स्कूबी, फ्लिंटस्टोन मंडळी केबलमार्गे आपल्या घरात आली. पात्रे आली, त्यांची शनिवारची सकाळ मात्र मागेच राहिली. तशी ओढ आपल्याकडे आहे ती दूरदर्शनच्या रविवारची, मोगलीच्या ‘जंगल बुक’ची आणि ‘डकटेल्स’ची. तिकडे तीन व्यापारी नेटवर्कांची चढाओढ, इकडे सरकारी वाहिनीची मक्तेदारी. व्यवस्था परस्परविरुद्ध, तरी आठवणीची घडण सारखी. दोन्हीकडे समान होते ते एवढेच : ठरलेली वेळ, मोजका माल आणि चुकले तर चुकले. या पुस्तकाच्या मुख्य म्हणण्याला याहून चांगला पुरावा आम्हाला सापडलेला नाही, आणि तो तपासायला दोन्ही आठवणी जवळून जाणणारा वाचकच अधिक योग्य आहे. दूरदर्शनच्या रविवारचा असा तपशीलवार अभ्यास कुणी हाती घेतला, तर या प्रस्तावनेचे काम झाले असे आम्ही समजू.