भाडं सुटलं, मैल राहिला

मुंबईहून फ्रँकफर्टला निघालेल्या विमानात एका रांगेत तीन प्रवासी बसलेत. तिघांचं अंतर सारखं, जेवण सारखं, उशीर झालाच तर तोही सारखा. घरी परतून विमान कंपनीच्या बक्षीस योजनेतली आपापली खाती उघडली की मात्र एकाला पूर्ण मैल मिळालेले असतात, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला काहीच नाही. मग तक्ते उघडायचे, टक्केवारी शोधायची, बारीक अक्षरातल्या टिपा वाचायच्या. बहुतेक लोक तिथेच नाद सोडतात आणि नियम मुद्दामच किचकट केलेत असं ठरवून मोकळे होतात. मला हे पटत नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमाला जन्मवर्ष आहे, आणि बहुतेकांचं मूळ एकाच घटनेपाशी जातं: अमेरिकेत विमानाचं भाडं आणि अंतर यांची फारकत झाली, त्या घटनेपाशी.

१९३८ पासून अमेरिकेतली विमानवाहतूक सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाच्या ताब्यात होती. कोणत्या कंपनीने कुठे उडायचं आणि किती भाडं घ्यायचं, हे मंडळ ठरवी. सत्तरच्या दशकात मंडळाने भाड्याचं सूत्रच बांधून दिलं: एक ठरावीक रक्कम, अधिक दर मैलामागे इतके सेंट. प्रवास लांबेल तसा मैलाचा दर थोडा उतरे. म्हणजे ज्याने जास्त मैल प्रवास केला त्याने जास्त पैसे दिले, हे साधं समीकरण तेव्हा खरं होतं. दरात स्पर्धा करायची सोय नसल्यामुळे कंपन्या इतर गोष्टींत चढाओढ करत. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या ७४७ विमानांत साध्या वर्गाच्या प्रवाशांसाठी लाउंज काढून तिथे चक्क पियानो ठेवला होता.

या समीकरणाला पहिला तडा १९७७ मध्ये गेला. अमेरिकन एअरलाइन्सने मंडळाच्या परवानगीने 'सुपर सेव्हर' तिकिटं काढली. तीस दिवस आधी तिकीट घ्यायचं, निदान आठवडाभर मुक्काम करायचा, त्या बदल्यात घसघशीत सूट. एरवी रिकाम्या गेल्या असत्या त्या जागा अशा विकल्या जाऊ लागल्या. पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानवाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. आता कुणीही कुठेही उडावं, वाटेल ते भाडं लावावं. नव्या स्वस्त कंपन्या उभ्या राहिल्या. जुन्यांपुढे प्रश्न आला की वर्षानुवर्षं आपल्याकडे येणारं गिऱ्हाईक पंचवीस डॉलर वाचवायला उद्या शेजाऱ्याकडे गेलं तर काय करायचं. आणि त्याआधीचा प्रश्न असा, की हे नेहमीचं गिऱ्हाईक नेमकं कोण, हे तरी आपल्याला ठाऊक आहे का?

अमेरिकन एअरलाइन्सला ते शोधून काढता आलं, कारण तिच्याकडे सेबर होतं. आयबीएमच्या मदतीने साठच्या दशकात उभारलेली ही संगणकीय आरक्षणव्यवस्था. प्रत्येक आरक्षणाबरोबर प्रवाशाचा फोन नंबर नोंदलेला असे. कंपनीच्या माणसांनी त्या नोंदींत पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधले आणि त्यातून नेहमी उडणाऱ्यांची यादी तयार केली. फ्रीक्वेंट फ्लायर, म्हणजे नेहमी उडणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या, योजनेचं बीज मला या यादीत दिसतं. बक्षीस नंतर आलं, आधी ओळख पटली. आजही खातेक्रमांक दिल्याशिवाय एक मैलही पडत नाही, त्याचं कारण हेच.

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सची ॲडव्हांटेज ही योजना सुरू झाली. तिच्यामागचा जोर कंपनीतले वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट क्रँडल यांचा, सुपर सेव्हरही त्यांच्याच विभागाचं अपत्य. आठवडा उलटायच्या आत युनायटेडने मायलेज प्लस काढलं. डेल्टा आणि टीडब्ल्यूए त्याच वर्षी आल्या. प्रथम कोण, यावर वाद आहे. टेक्सास इंटरनॅशनल या छोट्या कंपनीने १९७९ मध्येच अशी योजना चालवल्याचं सांगतात. पण इतरांना मागे यायला भाग पाडलं ते ॲडव्हांटेजने. खरेदीवर काही परत देण्याची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. अमेरिकेत १८९६ पासून दुकानदार सामानाबरोबर हिरवे स्टँप देत, ते वहीत चिकटवून वही भरली की वस्तू मिळे.

बक्षिसाचं माप म्हणून मैल घेतला गेला, यात मला नवल वाटत नाही. भाडं मैलावर ठरतं, हे कंपन्यांच्या आणि प्रवाशांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण ज्या घडीला मैल बक्षिसाचं माप झाला, त्या घडीला तो भाड्याचं माप राहिलेला नव्हता. पुढची तीसेक वर्षं या दोहोंतली फट बुजवण्यात गेली, आणि आपण ज्याला किचकट नियम म्हणतो ती बहुतेक त्या फटीवरची ठिगळं आहेत.

सगळ्यांत मोठं ठिगळ एका अक्षराचं आहे. आपलं ई-तिकीट काढून पाहा. फ्लाइट नंबर आणि तारखेच्या आसपास एकच इंग्रजी अक्षर असतं: वाय, एम, के, एल, टी असं काहीतरी. पूर्वी एफ म्हणजे पहिला वर्ग आणि वाय म्हणजे साधा वर्ग, एवढ्यावर भागत असे. १९८५ मध्ये पीपल एक्सप्रेस या स्वस्त कंपनीला तोंड देण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने आणखी उतरलेले दर काढले आणि कोणत्या दराला किती जागा सोडायच्या हे संगणकाकडून ठरवायला सुरुवात केली. एकाच केबिनचे असे अनेक अदृश्य कप्पे झाले. प्रत्येक कप्प्याला एक अक्षर. खुर्ची तीच, खिडकी तीच, पण वायचं तिकीट महाग आणि हवं तेव्हा बदलता येणारं, तर एल किंवा टीचं स्वस्त आणि अटींनी जखडलेलं. मग स्वस्त अक्षरांना पूर्ण मैल का द्यायचे, असा विचार कंपन्या करू लागल्या. विशेषतः भागीदार कंपन्यांच्या उड्डाणांवर तक्ते आले: या अक्षराला शंभर टक्के, त्याला पन्नास, अमक्याला पंचवीस, तमक्याला शून्य. फ्रँकफर्टच्या रांगेतले ते तीन प्रवासी अशा तीन वेगवेगळ्या कप्प्यांतले असू शकतात. एजंटकडून तिकीट घेताना आपण दर विचारतो, वेळ विचारतो, सामान किती ते विचारतो. अक्षर कुणी विचारत नाही.

दिलेले मैल नंतर कमी मोलाचे करता येतात का, हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आधीच जमलेल्या मैलांवरही नवी बंधनं घातली: बक्षिसाच्या जागा मर्यादित, आणि काही तारखांना बक्षिसाचा प्रवास बंद. सभासद न्यायालयात गेले. १९९५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की राज्याच्या ग्राहकसंरक्षण कायद्याखाली हा दावा चालणार नाही, कारण १९७८ चा तोच नियंत्रणमुक्तीचा कायदा आड येतो. मात्र कंपनीने स्वतः केलेला करार मोडला, असा दावा चालेल. तेव्हापासून योजनेच्या अटींतलं 'कंपनी नियम केव्हाही बदलू शकते' हे वाक्य भलतंच वजनदार झालं. ते वाक्य करारातच असेल, तर करार मोडला म्हणायला जागा फार थोडी उरते. ग्राहकाच्या बाजूने विचार करता मला हा निकाल तोकडा वाटतो. लोक मैल पैशासारखे साठवतात. कायदा त्यांना पैसा मानत नाही.

तोवर मैल विमानाबाहेर पडलेही होते. १९८७ मध्ये सिटीबँकेचं ॲडव्हांटेज क्रेडिट कार्ड आलं. बँक विमान कंपनीकडून मैल विकत घेते आणि कार्डधारकाला वाटते. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने खरेदीवर मैल देणाऱ्या एका योजनेत पुडिंगच्या डब्यांवरचे बारकोड पाठवून बारा लाखांवर मैल मिळवले आणि पुडिंग दान केलं. मैल ही विकायची वस्तू झाली होती.

१९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स स्थापलं आणि नवा गुंता झाला. तिकीट एकीचं, विमान दुसरीचं, खातं तिसरीचं. अशा वेळी ई-तिकिटावरच्या लांबलचक तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे पाहावेत. ०१६ म्हणजे युनायटेड, २२० लुफ्तान्सा, ०९८ एअर इंडिया. २०१५ नंतर तर लुफ्तान्साच्या त्याच विमानातल्या त्याच खुर्चीसाठी युनायटेडच्या खात्यात ०१६ च्या तिकिटाचा हिशेब डॉलरवर, म्हणजे भाड्यावर, होई आणि २२० च्या तिकिटाचा अंतर व अक्षर यांवर.

डॉलरवर हिशेब, हे या कुळकथेतलं शेवटचं मोठं वळण. १ जानेवारी २०१५ ला डेल्टाने, त्याच वर्षी मार्चमध्ये युनायटेडने आणि ऑगस्ट २०१६ मध्ये खुद्द अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या उड्डाणांवर अंतर मोजणं सोडलं. तेव्हाचा दर असा: साध्या सभासदाला एका डॉलरमागे पाच मैल, वरच्या श्रेणीला अकरापर्यंत. सरकारी कर त्यातून वगळायचे. मुंबई ते नेवार्क सुमारे ७,८०० मैल. जुन्या पद्धतीने जाऊन-येऊन १५,६०० मैल जमत. नव्या पद्धतीत करांशिवायचं भाडं ७०० डॉलर असेल तर ३,५००. उलट न्यूयॉर्क ते शिकागो हे ७३० मैलांचं अंतर कुणी ऐन वेळी ६०० डॉलर देऊन गेलं, तर त्याला ३,००० मैल. लेकीच्या बाळंतपणासाठी स्वस्तात स्वस्त तिकीट शोधून न्यू जर्सीला जाणाऱ्या पुण्या-ठाण्याच्या आईबाबांचं यात सरळ नुकसान झालं. भाडं आणि बक्षीस यांची गाठ पुन्हा बसली, पण मैल फक्त नावापुरता उरला.

आपल्याकडे विस्तारा या विमान कंपनीने २०१५ पासूनच खर्चावर पॉइंट दिले. एअर इंडियाने २०२४ मध्ये आपल्या उड्डाणांसाठी तीच रीत धरली. स्टार अलायन्समधल्या भागीदारांवर मात्र अंतर आणि अक्षर यांचा हिशेब टिकून आहे, म्हणून एकाच खात्यात दोन काळांचे नियम शेजारी शेजारी नांदतात. मराठी घरांत आणखी दोन अडचणी हमखास येतात. तिकीट मुलाने काढलं तरी उड्डाणाचे मैल उडणाऱ्याच्याच खात्यात जातात. मुलाला मिळतात ते कार्डाचे पॉइंट. तेव्हा आई आणि बाबा, दोघांची खाती निघण्याआधीच वेगवेगळी उघडावीत. दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तिकिटावर ती दोन्ही जोडून छापली जातात, आणि खातं उघडताना मधलं नाव गाळलं असेल तर नोंद जुळत नाही. खातं पासपोर्टबरहुकूम उघडावं. तरीही मैल पडले नाहीत तर मागून मागता येतात, त्याला मुदत असते, आणि त्या अर्जात तिकीट क्रमांक लागतो, कधी बोर्डिंग पासही. म्हणून खात्यात नोंद दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये.